बजार नावाचा वार

माझी बुद्धी एकदा मोजली गेली होती. अंदाजपंचे नव्हे, समोर घड्याळ ठेवून, पेन्सिलीला टोक काढून, अगदी रीतसर. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मोजणीत जराशी कमी भरले.

आता हे हसून सांगते. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, तीच परीक्षा कितीतरी पोरींची घेतली, निवृत्तही झाले. पण कुणी एक आकडा बघून पोराच्या कपाळावर शिक्का मारायला निघालं की माझं डोकं अजून फिरतं. घरातले म्हणतात, या वयात कशाला चिडता? चिडते बाबा, चिडते! तुमचं पोर तुमच्या देखत तोललं गेलं असतं आणि तागडीच हलती निघाली असती, तर तुम्ही काय टाळ्या वाजवल्या असत्या?

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं, वडनेरपासून आत, बैलबंडीच्या वाटेवर. जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि सरकार नागपूरला. घरची थोडी शेती काका बघायचा. बाप कापसाच्या मोसमात हिंगणघाटला जिनात जायचा. तिथे कापसातली सरकी वेगळी काढतात. दिवसभर त्या उडणाऱ्या रुईत उभं राहून खोकला त्याच्या छातीत घर करून बसला होता. माय त्या खोकल्याकडे सतत कान लावून असायची. भाकर थापताना अंगणात तो खोकलला की तिचा हात थांबायचा, खोकला थांबला की हात पुन्हा चालायचा. मी सांगते त्या दिवसांत तर खोकला इतका वाढला होता की तो मोसम अर्धा टाकून घरी आला होता.

गावात शाळा चौथीपर्यंत. त्यापुढे पोरींसाठी एकच वर्ग होता, लग्नाचा. काकानं समुद्रपूरकडचं एक स्थळ आणूनही ठेवलं होतं. आमच्या मास्तरांनी बापाला सांगितलं, वर्ध्याला गावाबाहेर मुलींची एक शाळा आहे, राहणं-जेवणं फुकट, खेड्यातल्या पोरी घेतात, पण नंबर लागावा लागतो. बाप म्हणाला, "लागला नंबर त शिकू द्या पोट्टीले. नाई लागला त मंग पाव्हणे हायेतच." काका लगेच कबूल झाला, कारण नंबर लागणार नाही अशी त्याची खात्री होती. माय माझ्याएवढी असताना लग्न होऊन या घरात आली होती आणि पहिली दोन वर्षं रोज माहेरच्या वाटेकडे बघून रडली होती, हे मला काकूनं सांगितलं होतं. निघायच्या दिवशी तिनं माझ्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भिवया वर चढल्या. "दुखते व माय," म्हटलं तर म्हणाली, "दुखू दे. डोस्कं जाग्यावर राह्यते."

माय आणि मी मोटरीनं वर्ध्याला उतरलो आणि सिंदी मेघेच्या बाजूला शेतांच्या कडेनं चालत शाळेत पोचलो. कौलारू इमारती, सारवलेलं अंगण, ओसरीवर ओळीनं बसलेल्या पोरी आणि प्रत्येकीसोबत कुणीतरी धास्तावलेलं माणूस. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. खादीचं जाड पातळ, जाड चष्मा, आणि आवाज असा की नुसतं "पुढची!" म्हटलं तरी कडुनिंबावरचे कावळे उडायचे. परीक्षा घेणाऱ्या बाई मात्र तरुण होत्या, पुण्याकडून नुकत्याच आलेल्या, बोलणं छापील पुस्तकासारखं. मला म्हणाल्या, "बस हं बाळ इथे." मला जन्मात कुणी बाळ म्हटलं नव्हतं. पोट्टे, कार्टे, भवाने, सगळं ऐकलं होतं. मी मागं वळून बघितलं, या कोणाला म्हणतायत म्हणून.

माय उंबऱ्याबाहेर बसली, पदर कपाळापर्यंत ओढून. आत यायची तिला मनाई होती. कानांना कोण मनाई करणार?

परीक्षेत लिहायचं काही नव्हतं. बाई विचारणार, आपण सांगायचं. त्याला त्या बुद्धिमापन म्हणत. खरी परीक्षा लांबलचक होती, प्रत्येक वयाला सहा-सहा प्रश्न, सोप्यापासून अवघडापर्यंत. पण पोरी पुष्कळ आणि बाई एकट्या, म्हणून तिची छोटी आवृत्ती चालवत. सहातले ज्यांच्यावर चांदणीची खूण असेल तेवढे चारच विचारायचे. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा मला वाटलं, बाई मधले प्रश्न गाळतायत म्हणजे माझ्यावर दया करतायत.

"मी आकडे सांगते, तू ते उलटे म्हण," बाई म्हणाल्या.

अव बाप्पा! हे तर माझं राज्य. कापूस वेचताना आम्ही मैत्रिणी दिवसभर उलटी भाषा बोलायचो, म्हणजे मोठ्यांना शिव्या घातल्या तरी कळत नसे. फक्त काकाचं काही करता यायचं नाही, कारण काका उलटा केला तरी काकाच राहायचा, आणि याचं मला फार वाईट वाटायचं. बाई तीन आकडे म्हणाल्या, मी उलटवले. चार म्हणाल्या, उलटवले. त्या वाढवत गेल्या, मी फिरवत गेले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि खूण केली.

मग म्हणाल्या, "एका माणसाला फार थंडी वाजत होती. म्हणून त्यानं शेकोटीत पाणी ओतलं आणि हात शेकत बसला. यात काय चुकलं?"

"पानी ओतलं तेच चुकलं. इझल्या शेकोटीत हात कायले शेकते तो? येडा हाय का?"

बाई हसल्या, पुन्हा खूण केली. मी खुशीत आले. आणि तिथून पुढं माझी गाडी घसरली.

"शाळेत जाताना उशीर झाला असं कळलं, तर काय करशील?"

"घरी वापस येईन."

"का गं?"

"उशिरा गेलं त मास्तर मारते. घरी गेलं त माय मारत नाई."

दाराबाहेर माय खाकरली. परीक्षेच्या पुस्तकातलं उत्तर होतं, भरभर चालेन. चूक.

"शेजारच्या घराला आग लागली तर?"

"पह्यले बैल सोडीन."

"बैल? आणि माणसं?"

"माणसायच्या गळ्यात दावं नसते ना बाई. ते पयतेत आपले आपले."

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं, बराच वेळ पेन्सिल गालाला लावून बसल्या. पण पुस्तकात बैल नव्हते. तीही चूक.

शेवटी त्या मागं गेल्या, लहान मुलांच्या प्रश्नांवर. "आठवड्याचे वार सांग बरं."

मी सांगितले. "सोमवार, मंगयवार, बजार, बेस्तरवार, सुक्रवार, सनवार, आइतवार."

"पुन्हा सांग बाळ."

मी पुन्हा तसेच सांगितले.

"बाजार हा काही वार असतो का?"

"हो, असते. आमच्या गावचा."

"मंगळवारनंतर काय येतं?"

"बजार."

बाहेर मायच्या बांगड्या वाजल्या. बाईंनी सुस्कारा सोडला आणि फुली मारली.

आता त्यातलं खरं सांगते. आमच्या गावचा आठवडी बाजार बुधवारी भरायचा, आणि माझ्या बापाचं नाव त्याच वारावरून ठेवलेलं होतं. आमच्याकडे तशी पद्धतच होती, ज्या वारी पोर जन्मलं तो वार त्याच्या नावात घालायचा. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे तर सगळीकडेच मानत. पण बाकीच्या बाया नुसतं नाव टाळून सुटायच्या. माझ्या मायला आठवड्यातला अख्खा वार टाळावा लागायचा. काकूलाही, कारण तो तिचा थोरला दीर. दोघींनी मिळून त्या वाराचं नाव 'बजार' करून टाकलं. बजारी आंबाडीची भाजी करू, बजाराच्या आदल्या दिवशी धुणं काढू, असं आमच्या घरात बोलणं चालायचं आणि मी त्यातच बोलायला शिकले.

शाळेत मास्तरांनी वार म्हणून घेतले तेव्हा मला खरा शब्द समजला. ही माझी केवढी कमाई! घरी येऊन तो अंगणात मोठ्यानं ओरडले. मायनं पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. "हा शबूद आपल्या घरच्या बायाइनं म्हणाचा नाई. तुह्या बापाचं आयुष्य घटते." लेकीला खरं तर बंदी नसते. पण भ्यालेलं माणूस कुंपण लांबूनच घालतं, तसं मायनं मलाही त्यात घेतलं. तेव्हापासून वर्गात त्या वाराला मी फक्त ओठ हलवायची. आणि बापाला खोकल्याची उबळ आली की मला वाटायचं, हे माझ्यामुळंच, कारण अंगणात ओरडले होते ती मीच.

तर बाईंनी बेरीज केली आणि कागद घेऊन शेजारच्या खोलीत मोठ्या बाईंकडे गेल्या. मधलं दार उघडंच होतं. शहरातल्या माणसांना वाटतं, खेड्यातल्यांना शुद्ध बोललेलं ऐकू येत नाही.

"रेघेच्या खाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "थोडीच खाली आहे, पण खाली."

"आकडा खाली आहे, पण तो कसा आलाय ते बघा ना. बारा वर्षांच्या मुली अडखळतात ते आकडे ही धडाधड उलटे म्हणते, आणि सात वर्षांच्या मुलीला येणारे वार हिला येत नाहीत. हिचे गुण फार विखुरलेले आहेत."

एवढं ऐकायचा अवकाश, माय उठली. मनाई-बिनाई विसरून उंबरा ओलांडून सरळ आत. "नाई बाई! माही पोट्टी गुणाची हाय. कोनं सांगतलं तुमाले इखुरले म्हून? सारं घर आवरते, लहान्या भावाले सांभायते, उलटून बोलत नाई."

मी उलटून बोलत होते, दिवसभर बोलत होते, पण मी गप्प राहिले. मोठ्या बाई चष्म्यावरून बघतच राहिल्या. तरुण बाईंना हसू आवरेना. त्यांनी मायचा हात हातात घेतला. "अहो, ते गुण नाहीत म्हणत मी. हे मार्कांचे गुण."

"मार्काचे का?" माय म्हणाली. "मंग ठीक हाय." आणि परत जाऊन उंबऱ्याबाहेर बसली.

तरुण बाई पुन्हा सुरू झाल्या. "पूर्ण परीक्षेत एक प्रश्न चुकला तर बुद्धीच्या वयातले दोन महिने जातात. आपल्या छोट्या परीक्षेत तीन. चारच प्रश्न विचारायचे, त्यातले दोन भलत्याच कारणानं चुकले की झालं अर्धं वर्ष कमी. इतक्या थोड्या प्रश्नांत आकडा वरखाली होणारच. त्यावरून मुलीच्या डोक्यात काय आहे हे कसं सांगायचं?"

"आणि वर गेलेला?" मोठ्या बाई म्हणाल्या. "उलटे आकडे तिला कुणी शिकवले असतील, नाहीतर योगायोगानं जमले असतील. चुकलेल्या उत्तराला कारणं शोधायची आणि बरोबर आलेल्याला शोधायची नाहीत, हा कुठला न्याय?"

त्या दिवशी मला मोठ्या बाईंचा असा राग आला होता की त्यांचा चष्मा विहिरीत टाकावा. पण बरोबर होतं हो त्यांचं! पुढं नव्या मास्तरणींना मी हेच सांगत आले. ज्या पोरीचा आपल्याला लळा लागतो तिच्या चुका आपल्याला अपघात वाटतात आणि तिचं बरोबर आलेलं मात्र तिचं स्वतःचं वाटतं.

"गेल्या साली चिठ्ठ्या किती आल्या ठाऊक आहे?" मोठ्या बाई पुढं म्हणाल्या. "मालगुजारांच्या, पुढाऱ्यांच्या, मोठमोठ्या वकिलांच्या. आमची भाची घ्या, आमच्या दिवाणजीची पोर घ्या. मी सगळ्यांना आकडा दाखवला आणि परत पाठवलं. आज या मुलीसाठी तो वाकवला तर उद्या त्यांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"वाकवू नका. मला फक्त कारण विचारू द्या आणि सगळे प्रश्न घेऊ द्या. मग येईल तो आकडा मी मुकाट मान्य करते."

मोठ्या बाईंनी बाहेरच्या ओळीकडे पाहिलं. अजून पुष्कळ पोरी बसल्या होत्या. "आधी एवढं तरी कळू दे, हिला सात वार येतात की नाही. तेच येत नसतील तर सगळी दुपार घालवण्यात अर्थ नाही. बोलवा दोघींना."

आम्ही आत जाऊन उभ्या राहिलो. "सांग वार," मोठ्या बाई म्हणाल्या.

"सोमवार. मंगयवार." आणि मी थांबले. मायकडे पाहिलं. माय जमिनीकडे बघत होती. मला पुरतं कळत होतं की या एका शब्दावर सगळं आहे. म्हटला तर शाळा, नाही म्हटला तर समुद्रपूर. आणि म्हटला तर बापाचं आयुष्य. दहा वर्षांच्या पोरीनं यातलं काय उचलायचं? "बजार," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

तरुण बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "का गं बाळ? कुणी रागावतं का?" मी रडतच राहिले. त्यांनी मायकडे मान वर केली. "तुम्ही तरी सांगा. हिला तो वार माहीत नाही का?"

"माहीत हाय."

"मग म्हणत का नाही?"

"ते घरचं हाय," माय पुटपुटली.

"घरचं म्हणजे?"

"पोट्टीच्या बापाचं."

"अगं बाई!" बाईंनी तोंडावर हातच ठेवला. "नाव आहे हो, नवऱ्याचं नाव! म्हणून बाजार!"

मोठ्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "असेल. पण मला मुलीच्या तोंडून ऐकायला हवं. ऐकल्याशिवाय मी काय लिहू?" मग मला म्हणाल्या, "म्हण बेटा. नाव घेतल्यानं कुणाला काही होत नसतं."

त्यांना काय होत होतं म्हणायला? सकाळी आम्ही निघालो तेव्हा बाप पाटीत राख ठेवून तीत थुंकत होता आणि मला म्हणाला होता, "हुशारीनं बोलजो." मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी पुन्हा समजावलं. मी पुन्हा हलवली.

तेव्हा मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्यासमोर येऊन खाली बसली, माझी हनुवटी धरली. "इकडं पाह्य माह्याकडं. मी म्हणतो आधी. लागलंच काही त मले लागन, तुले नाई लागत."

आणि ती म्हणाली, "बुधवार."

नुसते ओठ हलले, आवाज निघालाच नाही. मग ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, ओसरीवरच्या बायांनाही ऐकू जाईल असं. "बुधवार." मग मोठ्या बाईंकडे वळून म्हणाली, "पोट्टीच्या नावापुढं बापाचं नाव लिहा लागनच ना तुमाले? तेही घ्या लिहून." आणि तिनं माझ्या बापाचं नाव घेतलं. मी ते इथं लिहीत नाही. तिच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते इतकं सुंदर नाव आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग ती भिंतीला टेकून बसली, पाय जवळ घेऊन. मी डोळे मिटून सातही वार एका दमात म्हणून टाकले.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "घ्या पूर्ण परीक्षा. पण वारांचा प्रश्न चूकच धरा. ऐकून म्हटलाय तिनं."

"चूकच धरते," बाई म्हणाल्या.

माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! एवढं सगळं करून चूकच? मायच्या त्या शब्दाला काहीच मार्क नाहीत? आज मी त्यांच्या जागी असते तर मीही चूकच धरली असती. पण त्या दिवशीचा तो संताप अजून पोटात आहे आणि मला तो काढून टाकावासाही वाटत नाही.

मायनं मला फडक्यातली भाकर आणि ठेचा खाऊ घातला आणि दुपारी बाईंनी सगळे प्रश्न घेतले, चांदणीचे आणि बिनचांदणीचे. मोठ्या शेतात चेंडू हरवला तर कसा शोधशील, असं एक होतं. मी तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं जाईन म्हटलं, आम्ही कापूस वेचतो तशी. ते बरोबर निघालं. काही आले, काही चुकले. या वेळीही मी एका ठिकाणी वर आणि एका ठिकाणी खाली अशीच भरले. सहा-सहा प्रश्नांनीही माझे गुण सपाट झाले नाहीत. पण बेरीज रेघेच्या वर गेली. फार नाही, टाचा उंचावल्याएवढी. मोठ्या बाईंनी ती स्वतः दोनदा केली आणि ओसरीवर येऊन मायला सांगितलं, "घेतली तुमची मुलगी."

पुढं मी हे काम करायला लागले तेव्हा एक मात्र शिकले. वरखाली आकडे दिसले की पोरीत खोट आहे म्हणायचं नाही, आणि हिच्यात काहीतरी मोठं दडलंय असंही म्हणायचं नाही. विचारायचं, आणि मोठी परीक्षा घ्यायची. खरं सांगते, बहुतेक वेळा मागं बजार वगैरे काही सापडत नाही. प्रश्न थोडे असतात, पोर पोरासारखं उत्तर देतं, आकडा हलतो, इतकंच. पण विचारायला काय जातं?

परतीच्या मोटरीत मी खिडकीशी बसून झाडं मोजत होते, हवेत होते नुसती. माय डोळे मिटून बसली होती. मला वाटलं दमली असेल. हिंगणघाट मागं पडलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आतापावतर खोकला वाढला असन." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिनं काय केलंय. माझ्यासाठी तिनं बापाच्या आयुष्यातलं काढून दिलं होतं. तिला तसंच वाटत होतं, आणि मलाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या वेण्या सैल केल्या.

वडनेरला उतरल्यावर ती चालायचं सोडून जवळजवळ पळत सुटली. "चाल व पोट्टे, चाल लौकर." पदर पडला, नऊवारीचा काठ धुळीत लोळला, तिला भान नव्हतं. दिवस मावळायला आला होता. आमच्या अंगणात बाप बाजेवर बसून दोर वळत होता आणि काका शेजारी गप्पा मारत होता.

"लागला का नंबर?" बापानं विचारलं.

माय सरळ त्याच्यापाशी गेली आणि काकासमोर, काकूसमोर, रस्त्यानं जाणाऱ्या माणसांसमोर तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. आमच्या गावात असलं कुणी करत नसे. बाप गडबडला. "काऊन व? काय झालं?"

"लागला," मी म्हटलं. काकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

"म्या तुमचं नाव घेतलं," माय म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. "वर्ध्याले. दोन बायायसमोर. मोठ्यानं घेतलं. पोट्टीचं काम अडलं होतं."

बाप तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता उबळ आली, मायचे डोळे मोठे झाले, मी त्याचा सदरा घट्ट धरला. खोकला उठला, खूप वेळ चालला, आणि बसला. त्यानं डोळे पुसले. मायचा हात छातीवर होता तो त्यानं तिथंच धरून ठेवला.

"वा रे वा!" तो म्हणाला. "लगनाले इतके वर्स झाले, तुह्या तोंडून मले माह्यं नाव आइकाले भेटलं नाई, अन् त्या वर्ध्याच्या बायाइनं फुकटात आइकलं! आता घेतलंच हाय त एकदा मलेही म्हणून दाखव."

मायनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम तडकली. "काई नाई म्हणत! गेलं तेवढं गेलं. बाकीचं सारं मले पाह्यजे."